नव्या इमारतीतल्या रिकाम्या खाटा

बाजारात तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. भाजीच्या ओळीत कोपऱ्यावरची जागा तिची, आणि तिच्या जिभेला हाड नाही ही तिची ख्याती. शिळी भाजी ताजी म्हणून ती कधी विकायची नाही. पण ताजीला कोणी शिळी म्हटलं, तर त्या गिऱ्हाइकाला आठवडाभर पुरेल एवढं ऐकवून मगच सोडायची. नवरा गाडीवान. तो जे काही बोलायचा ते बहुतेक बैलांशीच. लोक म्हणत, देवाने दोघांत मिळून एकच तोंड दिलं आणि ते अक्काने घेतलं.

घरात तिसरा तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नुकता पाऊल टाकायला लागला होता. अक्काने त्याला एका कडेवर आणि टोपली दुसऱ्या कडेवर घेऊन बाजार केला. आता तो हाताखाली माणसं असलेला गवंडी झाला होता, खांद्याने रुंद, हसरा. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "अक्का, या घराच्या भिंतींना एकच बाई झेपते. आणखी आणली तर मलाच परत बांधाव्या लागतील."

त्या वर्षी सरकारी इस्पितळाची नवी इमारत उभी राहत होती. जुनं इस्पितळ म्हणजे एक धान्याचं कोठार. साहेबाचं राज्य आलं तेव्हा त्यातली पोती काढून खाटा टाकल्या, एवढाच काय तो फरक. नवी इमारत साहेब लोकांसाठी होती. गोरे अंमलदार, त्यांच्या बायका, आणि पलटणीतले गोरे शिपाई. उंच छत, दगडी फरशी, आणि दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीच्या खिडक्या. त्या खिडक्या भाऊच बसवत होता. चौकट ओळंब्याच्या दोरीला सरळ आली नाही तर रात्री त्याला जेवण जायचं नाही.

शेवटच्या काही खिडक्या राहिल्या असताना परांचीची दोरी तुटली आणि तो खाली आला. पाय गुडघ्याखाली मोडला, हाड कातडी फाडून बाहेर दिसत होतं. सोबतच्या गवंड्यांनी त्याला फळीवर घातलं, अंगण ओलांडलं आणि जुन्या कोठारात नेऊन ठेवलं. अक्काला निरोप पोचला तेव्हा तिने विक्रीला मांडलेली भाजी तशीच सोडली आणि धावत सुटली.

भाऊ शुद्धीत होता. धाकट्या डॉक्टरने हाड बसवून पायाला फळ्या बांधल्या होत्या. अक्काचा चेहरा पाहून तो म्हणाला, "रडू नकोस. माझंच चुकलं. सगळ्या खिडक्या मी तिकडे बसवल्या आणि पडलो मात्र इकडच्या बाजूला."

इकडे खिडक्या नव्हत्याच. छपराजवळ झरोके होते, ते कोंदलेले. आत शिरलं की आधी वास अंगावर यायचा, मग अंधार, आणि डोळे सरावले की माणसं दिसायची. खाटा एकमेकींना खेटून होत्या आणि एकेका खाटेवर दोघं दोघं. भावाच्या खाटेवर एक शिंपी होता. त्याच्या तळहातात सुई मोडून हात कोपरापर्यंत सुजला होता. एकाचं डोकं एकीकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे, असे ते झोपत. भाऊ म्हणाला, "बरंय, याच्या पायांशी बोलायचं म्हणजे उलट उत्तर येत नाही." शिंप्याची बायको जमिनीवर बसलेली होती, तीही हसली. त्या जागेत कोणी हसलं हेच विशेष होतं.

पहिले दिवस बरे गेले. अक्का सकाळी बाजार मांडायच्या आधी यायची आणि संध्याकाळी बाजार उठल्यावर यायची. घरून खाणं आणायची, भावाचं अंग पुसायची, शिंपिणीला दोन घास द्यायची. हळूहळू तिला तिथलं सगळं दिसायला लागलं. जखमा धुवायला वॉर्डात एक पत्र्याचं घमेलं होतं आणि एक स्पंजाचा बोळा. मुकादम, म्हणजे वॉर्डातल्या नोकरांवरचा माणूस, ते घमेलं घेऊन पहिल्या खाटेपासून सुरुवात करायचा आणि शेवटच्या खाटेपर्यंत जायचा. पाणी आधी गुलाबी व्हायचं, मग तांबडं, मग कसल्याही रंगाचं राहायचं नाही. भावाची खाट दाराशी, म्हणजे शेवटाकडे होती.

एका सकाळी भावाच्या पायाला वास आला. मोडलेल्या हाडाचा वास कसा असतो हे अक्काला माहीत नव्हतं, पण नासलेल्या मालाचा वास तिला कोणी शिकवायला नको होता. ती तडक धाकट्या डॉक्टरच्या खोलीत गेली.

धाकटा डॉक्टर तिच्या भावाच्याच वयाचा असेल. इथलाच, आपल्यातला, साहेबाच्या शाळेत शिकून आलेला. लोकांना त्याचा केवढा अभिमान होता. तो टेबलाशी बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होता.

"डॉक्टर, माझ्या भावाला नव्या इमारतीत ठेवा," अक्का म्हणाली.

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "ती साहेब लोकांची आहे."

"साहेब लोक आहेत कुठे तिच्यात? मी खिडकीतून बघून आले. खाटा मांडल्यात, पांढऱ्या चादरी घातल्यात, माणूस एक नाही."

"उद्घाटन व्हायचंय. गव्हर्नरसाहेबांच्या बाईंच्या हस्ते. त्या थंड हवेला डोंगरावर गेल्यात. उन्हाळा उतरला की येतील."

"तोवर?"

"तोवर कुलूप."

"आणि तोवर इकडे जी माणसं मरतील ती?"

डॉक्टरने उठून दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात बोलायला लागला. त्याचं म्हणणं असं, की एकाच्या जखमेतलं विष दुसऱ्याच्या जखमेत जातंय. तेच पाणी, तोच बोळा. दरेकाला वेगळं पाणी, वेगळं फडकं घेतलं तर फरक पडेल, असं त्याला फार वाटतं. मोठ्या डॉक्टरला, म्हणजे इस्पितळावरच्या गोऱ्या साहेबाला, त्याने तसं सांगूनही पाहिलं. मोठा डॉक्टर म्हणाला, हे सगळं वाईट हवेनं होतं, आणि इथल्या माणसांच्या अंगात मुळात दमच कमी.

अक्का म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"मला वाटतं. ठाऊक आहे असं नाही म्हणता येणार."

"वाटतं ना? मग बोळा बदला."

"बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. वरून हुकूम नसताना मी एक बाटली हलवली तरी जाब विचारतात."

अक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भाऊ या माणसाच्या हातात होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती तोंडाशी आलेलं गिळून बसली. "ठीक आहे. मग मी त्याला घरी नेते. माझ्या नवऱ्याची गाडी आहे."

घरी न्यायलाही मोठ्या डॉक्टरची सही लागत होती.

मोठा डॉक्टर फेरीला आला तो नाकाला रुमाल लावून. दारातून आत आला, मधल्या वाटेने चालत गेला, परत फिरला. अक्का वाटेत उभी राहिली. ती बोलली आणि धाकटा डॉक्टर साहेबाच्या भाषेत सांगत गेला. तिचं बोलणं लांबलचक होतं, त्याचं सांगणं आखूड. साहेबाने काहीतरी उत्तर दिलं.

"साहेब म्हणतात, अशा अवस्थेत हलवलं तर रोगी दगावेल आणि दोष इस्पितळावर येईल. सही मिळणार नाही."

"मी जे बोलले त्यातलं निम्मंसुद्धा तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत."

"जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं," तो म्हणाला आणि साहेबाच्या मागोमाग निघून गेला.

दोन दिवसांनी पाय मांडीपर्यंत काळा पडला. भाऊ तापात बरळत होता. कधी ओळंबा मागायचा, कधी आईला हाक मारायचा, आणि ती हाक अक्कालाच होती, कारण आई त्याला आठवतच नव्हती. भेटायची वेळ संपली म्हणून मुकादमाने अक्काला हाताला धरून बाहेर काढलं. तिने त्याला चावा घेतला, तरी काढलंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गेली तर त्या जागेवर एक अनोळखी म्हातारा पडला होता. शिंपी भिंतीकडे तोंड करून होता. शिंपीण खाटेमागे अंग चोरून बसली.

अक्काने मुकादमाला विचारलं, "माझा भाऊ?"

"गेला."

"कुठे गेला?"

मुकादमाने हातातलं घमेलं खाली ठेवलं. "अहो, गेला म्हणजे गेला."

"ते कळलं मला. ठेवलाय कुठे?"

इस्पितळाच्या मागे खड्डा होता. साथीच्या भीतीने मेलेल्यांना ताबडतोब त्यात घालायचं आणि वर चुना टाकायचा, असा नियम होता. घरच्यांना निरोप द्यायचा असाही एक नियम होता म्हणे, पण तो कोणी पाळायचा हे त्यात लिहिलेलं नव्हतं. अक्का मागे गेली. पांढऱ्या चुन्यावर फावड्याचे वळ होते. किती जण होते त्यात, कोण कुठे, काहीच कळत नव्हतं. भाऊ कुठल्या बाजूला आहे हेदेखील तिला कोणी सांगू शकलं नाही. ती रडली नाही. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला.

परत येताना नवी इमारत वाटेत होती. ती एका खिडकीशी थांबली. आतल्या चादरींना साधी सुरकुती नव्हती. एक नोकर फडक्याने खाटांवरची धूळ झटकत होता. रिकाम्या खाटांची रोज निगा राखायला माणूस होता, आणि तिच्या भावाला पाणी पाजायला नव्हता.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाडी जुंपा."

"कुठे जायचं?"

"आधी गवंड्यांच्या वस्तीवर. मग इस्पितळात."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो बैलांना म्हणाला, "चला रे बाबांनो, आज आपलं काही खरं नाही."

भावाबरोबर काम केलेले गवंडी सकाळपासून बातमी ऐकून बसलेच होते. अक्काने काय हवं ते सांगितलं. मग त्यांच्यातला वयस्क होता तो म्हणाला, "नव्या इमारतीच्या मागच्या दाराला कुलूप नाही. कडी आम्हीच बसवलीय, बाहेरून उचलली तर निघते. पण अक्का, तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. तिथे तरी खिडकी असेल."

भर दुपारी ते गेले. साहेब लोक जेवून पडले होते, मुकादम सावलीत घोरत होता. गवंड्यांनी कोठाराचं दार उघडलं आणि खाटाच उचलल्या, माणसांसकट. गाडीवानाने गाडी अंगणात आडवी घातली, म्हणजे फाटकातून कोणाला सहज आत येता येऊ नये. ज्यांना चालता येत होतं ते भिंत धरून चालले. शिंप्याला अक्काने स्वतः आधार दिला. तो म्हणत होता, "अक्का, मला नका नेऊ, मला भीती वाटते." ती म्हणाली, "घाबरत घाबरत चल. पण चल."

जमिनीवर बसून असलेल्या बाया आधी नुसत्या बघत होत्या. मग शिंपीण उठली, तिने भावाच्या जागी आलेल्या म्हाताऱ्याला पायांकडून उचललं, आणि तिच्यामागून बाकीच्याही उठल्या. नव्या इमारतीच्या पांढऱ्या चादरींवर एकेक जण निजवला गेला. एका खाटेवर एकच. उंच खिडक्या उघडल्या तसा वारा थेट आत आला. एक तापलेला माणूस छताकडे बघून म्हणाला, "मेलो वाटतं मी." शेजारचा म्हणाला, "अजून नाही, गप्प पड."

धाकटा डॉक्टर पळत आला तेव्हा कोठार रिकामं झालं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, हे काय केलंत? माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी जाईल," अक्का म्हणाली. तुम्ही-तुम्ही संपलं होतं. "माझा भाऊ गेला. तुला माहीत होतं आणि तू चिठ्ठ्या डकवत बसलास. साहेब परका आहे, त्याच्याकडून मी कशाला काय अपेक्षा धरू? पण तू याच गावचं पाणी प्यायलास."

त्याने कोणाला खाटेवरून उठवलं नाही, एवढं मात्र खरं.

मोठा डॉक्टर आला, बूट न बांधता. त्याने ओरडून ओरडून छावणीतून गोऱ्या शिपायांची तुकडी मागवली. शिपाई दारापर्यंत आले आणि थांबले. त्यांच्या कॅप्टनने आत डोकावलं, काळे पाय पाहिले, पिवळे चेहरे पाहिले, आणि मोठ्या डॉक्टरला विचारलं की हे संसर्गाचं आहे का. मोठ्या डॉक्टरने गेल्याच महिन्यात सगळ्या छावणीला लेखी बजावलं होतं, की गावच्या वॉर्डाच्या आसपास फिरकू नका, तिथली हवा घातक आहे. आता तो नाही कसं म्हणणार? कॅप्टन म्हणाला, मग माझी माणसं यांना हात लावणार नाहीत. इस्पितळातले नोकर तर केव्हाच पसार झाले होते. ज्या रोगाने माणसं मारली, त्यानेच आता दारावर पहारा दिला. रोगी जिथे होते तिथेच राहिले.

अक्काला हात लावायला मात्र कोणाची ना नव्हती. तिला, गाडीवानाला आणि त्या वयस्क गवंड्याला पोलीस घेऊन गेले. बैल फाटकाशीच उभे होते. गाडीवान जाता जाता शिंपिणीला म्हणाला, "यांना संध्याकाळी पाणी दाखवा." लग्नानंतर परक्या बाईशी तो एवढं पहिल्यांदाच बोलला असेल.

सरकारी मालमत्तेत घुसणे, रोग पसरवणे, साहेबाचा हुकूम मोडणे, असे आरोप होते. न्यायाधीशाने विचारलं, काही सांगायचंय का? अक्का म्हणाली, "मला फक्त एवढं विचारायचंय, की त्या चादरी कोणासाठी धुतल्या होत्या?" दुभाष्याने ते सांगितलं की नाही कोण जाणे. गाडीवानाला आणि गवंड्याला उन्हाळा संपेस्तोवर ठेवलं. तिला हिवाळ्यापर्यंत. कारण, म्हणे, तिला पश्चात्ताप दिसत नव्हता. ते खोटं नव्हतं.

ती सुटली तेव्हा गाव तसंच होतं. गव्हर्नरची बाई डोंगरावरून उतरली, पण उद्घाटन न करताच परत गेली. ज्या इमारतीत गावच्या लोकांचा ताप शिरला, तिथे एकही गोरा माणूस झोपायला तयार नव्हता. साहेब लोकांसाठी टेकडीवर दुसरी इमारत बांधायला घेतली. ही उंच खिडक्यांची इमारत गावाच्या पदरात पडली. कोणी दिली म्हणून नव्हे, कोणाला नकोशी झाली म्हणून. मोठा डॉक्टर बढती घेऊन दुसऱ्या शहरी गेला होता.

शिंपी वाचला. त्याची दोन बोटं गेली, पण सुई धरता येत होती. अक्का सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आणि शिंपीण तिच्या घरी आले, तिच्यासाठी शिवलेलं जाड बंडीसारखं काहीतरी घेऊन. शिंपीण म्हणाली, "अक्का, तुमच्यामुळे हा दिवस दिसला. एकदा वॉर्ड बघायला चला. सगळे तुमचं नाव काढतात."

"मी नाही येणार."

"का हो?"

"माझा भाऊ गेला तेव्हा तो वॉर्ड मोकळा होता. मला त्यात काय बघायचं?" ती म्हणाली. शिंपिणीचा चेहरा उतरला तसं अक्काने ते अंगावर घातलं आणि बाही ओढून पाहिली. "शिलाई चांगली आहे. दोन बोटांविना एवढी, तर आधी काय करत असशील रे."

ती बाजारात पुन्हा बसायला लागली. लोक मुद्दाम तिच्याकडून भाजी घ्यायचे, जास्त आदराने बोलायचे. तिला त्याचाही राग यायचा. आदराने बोलणारी तोंडं त्या दुपारी कुठे होती, हे तिला चांगलं आठवत होतं. नवऱ्याने एकदा तसं सुचवून पाहिलं, की आता थोडं सोडून दे. ती म्हणाली, "तुम्ही सोडा. तुमचा स्वभाव आहे सोडायचा." तो बैलांकडे गेला आणि बराच वेळ त्यांच्याशीच बोलत बसला. पण रात्री जेवायला बसल्यावर म्हणाला, "मी पण नाही सोडलेलं." मग तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

एके दिवशी धाकटा डॉक्टर तिच्या टोपल्यांपुढे येऊन उभा राहिला. त्याची नोकरी गेली नव्हती. साहेब बदलला होता, नवा त्याच्यावर खूश होता म्हणत.

"अक्का," तो म्हणाला. बाई म्हणायचं त्याने सोडलं होतं. "तुम्हाला सांगायला आलो. आता दरेकाला वेगळं पाणी, वेगळं फडकं. बोळा मी स्वतः जाळला. पहिले काही दिवस नव्या इमारतीतही माणसं मेली, घमेलं तेच होतं ना. ते बदललं, मग कमी झाली. खूपच कमी."

"कधी बदललं?"

"तुम्हाला नेल्यावर थोड्याच दिवसांत."

"तेव्हा मोठा डॉक्टर होता इथे?"

"होता."

"हुकूम दिला त्याने?"

"नाही. मी विचारलंच नाही. सरळ बदललं."

"काय म्हणाला मग?"

डॉक्टर घुटमळला. "काही नाही. त्याच्या लक्षात आलं नाही."

अक्काच्या हातात कोबीचा गड्डा होता. तिने तो हळूच टोपलीत ठेवला. "म्हणजे करता येत होतं."

तो उभाच राहिला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, कोणीतरी घसा खाकरला. त्याने खिशातून पिशवी काढली आणि म्हणाला, "भाजी द्याल थोडी? काहीही चालेल."

"भाजी आहे," अक्का म्हणाली. "तुला नाही."

तो पिशवी तशीच घडी करून निघाला. दुसऱ्या कोणाकडून त्याने काही घेतलं नाही, बाजाराच्या टोकापर्यंत रिकाम्या हातानेच गेला. अक्काने त्याच्या पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या बाईने मेथीची जुडी उचलून नाकाशी नेली आणि विचारलं, कालची नाही ना ही. मग अक्काने तिला जे काही ऐकवायचं ते ऐकवलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, आणि आवाज आख्ख्या ओळीला ऐकू जात होता.